वाटीचं फ्रॅक्चर आणि आत बसवलेला कप: ठेवायचा, बदलायचा, की आधी प्लेट?

अस्थिरोग_लातूर

नमस्कार. एका पेशंटच्या शस्त्रक्रियेबद्दल मत हवं आहे.

६७ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो. रुमॅटॉइड संधिवात जुना, रोज प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ आणि आठवड्याला मेथोट्रेक्सेट चालू. उजवा खुबा सहा वर्षांपूर्वी बदललेला: अनसिमेंटेड (सिमेंटशिवाय हाडात बसवलेला), खुब्याच्या वाटीत धातूचा कप ५० मिमीचा, दोन स्क्रू, आत पॉलिइथिलीन लायनर, मांडीच्या हाडातल्या स्टेमवर २८ चं हेड. नऊ दिवसांपूर्वी न्हाणीत घसरून पडल्या, तेव्हापासून उभं राहता येत नाही. त्याआधी चार-पाच महिने जांघेत दुखत होतं असं मुलगा सांगतो, पण काठी धरून हिंडत होत्या.

एपी (समोरून काढलेल्या) फिल्मवर वाटीच्या मधून आडवी रेघ आहे, इलिओइस्कियल लाइन (वाटीच्या मागच्या खांबाची रेघ) तुटलेली दिसते. वर्षभरापूर्वीची फिल्म घरात सापडली. तिच्यात कपचा कल ४४ अंश होता, आता ६० आहे. एक स्क्रू मोडलाय. स्टेम घट्ट वाटतो. घोटा वर उचलता येतो, पायाची संवेदना चांगली. सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्तचाचण्या: ईएसआर ७०, सीआरपी ४२ मिग्रॅ प्रति लिटर.

कप काढायचाच का, की अंथरुणात ठेवून हाड जुळायची वाट बघता येईल? काढायचा तर मल्टिहोल (अनेक छिद्रांचा) कप आणि स्क्रू पुरतील, की पोस्टिरियर कॉलमला (वाटीच्या मागच्या खांबाला) प्लेट हवीच? केज (कपला आधार देणारा धातूचा पिंजरा) मागवून ठेवू का? सीआरपीचं काय करायचं? आणि हे लातुरात करावं की पुढे पाठवावं? सी-आर्म आणि ब्लड बँक इथे आहे, रिव्हिजनचा (बसवलेला खुबा पुन्हा बदलण्याचा) सेट मात्र मागवावा लागतो.


खुबा_संभाजीनगर

डॉक्टर, कप काढावाच लागेल. वर्षभरात सोळा अंश फिरलेला आणि स्क्रू मोडलेला कप घट्ट नसतो, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. कप जागचा हललेला नसता, डिली आणि चार्नलीच्या तिन्ही झोनमध्ये (एक्स-रेवर कपभोवतीच्या हाडाचे तीन भाग) काळी रेघ नसती आणि फ्रॅक्चर सरकलेलं नसतं, तर वजन न देता सहा ते आठ आठवडे थांबणं योग्य ठरलं असतं. तसं थांबलेल्या पेशंटमध्येसुद्धा हाड जुळून कप मागाहून सैल होणं नवीन नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं लागतं. तुमच्या केसमध्ये तो पर्यायच नाही.

वर्गीकरणावर फार वेळ घालवू नका, पण केसपेपरवर लिहायला ते उपयोगी पडतं. डेला व्हॅले आणि पॅप्रोस्की यांच्या २००३ च्या वर्गीकरणात पहिला प्रकार कप बसवताना झालेलं फ्रॅक्चर, दुसरा कप काढताना झालेलं, तिसरा मार लागून, चौथा आपोआप आणि पाचवा पेल्व्हिक डिसकंटिन्युइटी (पेल्व्हिसचा वरचा आणि खालचा अर्धा एकमेकांपासून सुटणं). तिसऱ्यात कप घट्ट असेल तर अ, सैल असेल तर ब. वरवर बघता तुमची केस तीन-ब.

वरवर म्हणतोय कारण मुलाने सांगितलेली ती ओळ, चार-पाच महिन्यांचं जांघेतलं दुखणं, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बसवलेला खुबा सहा वर्षांनी विनाकारण दुखत नाही. पडण्याआधी आत काहीतरी चालू होतं: पॉलीची (लायनरच्या प्लास्टिकची) झीज होऊन कपमागचं हाड पोखरलं गेलं असेल, जंतुसंसर्ग असेल, किंवा वाटी आधीच तडकलेली असेल आणि न्हाणीतल्या घसरण्याने ती उघडी पडली असेल. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून प्लेट की केज यावर आत्ता वाद घालण्यात अर्थ नाही. आधी फ्रॅक्चर ताजं की जुनं ते ठरवा.

त्यासाठी जुडेच्या दोन्ही तिरक्या फिल्म घ्या. इलियाक ऑब्लिकवर पोस्टिरियर कॉलम आणि अँटिरियर वॉल दिसते, ऑब्ट्युरेटर ऑब्लिकवर अँटिरियर कॉलम आणि पोस्टिरियर वॉल. मग सीटी, एक मिलिमीटरच्या स्लाइसने, धातूचा आर्टिफॅक्ट कमी करणाऱ्या प्रोटोकॉलवर. साधा सीटी काढून आणला तर कपभोवती नुसता पांढरा चकाकाट दिसतो आणि पैसे वाया जातात, तेव्हा रेडिऑलॉजिस्टशी फोनवर आधी बोला. सीटीत पाहायचं ते असं: फ्रॅक्चरच्या कडा धारदार आहेत की गोल झालेल्या, पांढुरक्या, कपच्या वर आणि मागे हाड किती उरलंय, खालचा अर्धा पेल्व्हिस आत सरकलाय किंवा फिरलाय का. फिरलेला असेल तर एपी फिल्मवर दोन्ही बाजूंची ऑब्ट्युरेटर फोरामेन सारखी दिसत नाहीत. कप किंवा स्क्रू पेल्व्हिसच्या आत शिरल्यासारखा वाटला तर सीटी अँजिओग्राफीही करा. बाह्य इलियाक धमनी तिथून फार लांब नसते. तसं असेल तर व्हॅस्क्युलर सर्जन हजर असल्याशिवाय कपला हात लावायचा नाही.

आता सीआरपी. नऊ दिवसांचं फ्रॅक्चर आणि रुमॅटॉइड, दोन्हींनी सीआरपी आणि ईएसआर वाढतात, त्यामुळे या आकड्यांवरून हो म्हणता येत नाही की नाही म्हणता येत नाही. सी-आर्मखाली सांध्यातलं पाणी काढा. अँटिबायोटिक चालू असेल तर बंद करा. शक्यतो ते दोन आठवडे बंद असायला हवं, पण फ्रॅक्चरमुळे तितकी वाट बघता येणार नाही. पेशींची संख्या, त्यातले न्यूट्रोफिल, कल्चर १४ दिवसांचं. ३,००० पेशी आणि ८० टक्के न्यूट्रोफिलच्या वर गेलं तर संसर्ग धरून चालायचं. पण सांध्यात रक्त असेल तर मोजणी फसवते, तिथे कल्चरवर जास्त विसंबा. आपल्या भागात एक नमुना टीबीच्या जीन एक्स्पर्टसाठी न विसरता पाठवावा. स्टेरॉइड चालू असलेल्या पेशंटमध्ये तर नक्कीच.

कुठे करायचं ते सीटी आल्यावर ठरवू. आजींना हलवायचं ठरलं तर योजनेचं आधीच विचारून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण रिव्हिजनचा कप, प्लेट आणि केज त्या पॅकेजमध्ये धरले जातात का, हे पाठवायच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) लेखी घ्या. २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत बांधून दिली गेली, खुब्याची नाही. नातेवाइकांचा इथे हमखास गैरसमज होतो.


पेल्व्हिस_नांदेड

सरांच्या निदानाशी सहमत. एका गोष्टीवर मात्र मी थोडा पुढे जाईन: कडा धारदार निघाल्या तर केज नको, प्लेट हवी.

कारण साधं आहे. ताजं फ्रॅक्चर दाबून धरलं तर जुळतं. पोस्टिरियर कॉलम हा वाटीचा खांब. तो जुळला की कपला खाली आणि वर दोन्हीकडे पाया मिळतो आणि त्याच्या पृष्ठभागात हाड वाढायला वेळ मिळतो. नुसता मोठा कप ठोकून बसवला तर तो पाचरीसारखं काम करतो आणि फ्रॅक्चर फाकवतो. त्या दिवशी सी-आर्मवर छान दिसतं. तीन महिन्यांनी कप पुन्हा उभा झालेला असतो आणि इस्कियममधले (बसायच्या हाडातले) स्क्रू मोडलेले असतात. उलट जुन्या, न जुळलेल्या डिसकंटिन्युइटीत प्लेट लावून काही साधत नाही. दोन्ही कडा मेलेल्या असतात, दाबून धरल्या तरी जुळत नाहीत. तिथे कप-केज, ट्रायफ्लँज (पेशंटच्या मापाने बनवलेला तीन पाकळ्यांचा कप) किंवा डिस्ट्रॅक्शन, म्हणजे फ्रॅक्चर ताणून त्यात मोठा सच्छिद्र कप घट्ट अडकवणं, हेच मार्ग.

प्लेट लावायची तर पायऱ्या अशा. पेशंट कुशीवर, कोचर-लँगेनबेकचा (खुब्याच्या मागून जाणारा) मार्ग, जुन्या पोस्टिरियर चिऱ्यावरूनच. पूर्ण वेळ गुडघा वाकवलेला आणि खुबा सरळ, म्हणजे सायटिक नर्व्ह सैल राहते. हे काम असिस्टंटला नेमून द्या, नाहीतर दुसऱ्या तासाला पाय हळूच सरळ होतो. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणात नर्व्ह शोधत बसू नका. ग्लुटियस मॅक्सिमसचं टेंडन मांडीच्या हाडावरून सोडवा, खाली जिथे व्रण नाही तिथे नर्व्ह हाताला लागते, मग वर माग काढत या. ग्रेटर सायटिक नॉचमध्ये टोकदार रिट्रॅक्टर ठोकू नका. सुपीरियर ग्लुटियल धमनी फाटून पेल्व्हिसच्या आत ओढली गेली तर गॉज ठासून भरणं हाच पहिला उपाय. आंधळेपणाने क्लॅम्प लावला की त्याच नावाची नर्व्ह जाते आणि अ‍ॅबडक्टर (पाय बाजूला उचलणारे खुब्याचे स्नायू) कायमचे लुळे पडतात.

सांधा निखळवा, हेड काढा, टेपरवर (स्टेमच्या निमुळत्या टोकावर) टोपी घाला आणि स्टेमची मान पुढे-वर अ‍ॅबडक्टरखाली सरकवून ठेवा. लायनर काढा, उरलेला स्क्रू आणि मोडलेल्याचं डोकं काढा. कपच्या कडेवर दाबून बघा. कडेने रक्ताचे बुडबुडे येतात का ते पाहा. तुमच्या केसमध्ये तो हाताने निघायची शक्यता आहे, तरीही उचकटू नका. उचकटण्याने कॉलमचे आणखी दोन तुकडे होतात आणि एका फ्रॅक्चरची डिसकंटिन्युइटी बनते. कुठे चिकटला असेल तर वक्र ऑस्टिओटोम (हाड कापायची छिनी) कडेने फिरवून सोडवा. मोडलेल्या स्क्रूचं टोक आत राहिलं आणि वाटेत येत नसेल तर राहू द्या.

पाच नमुने याच वेळी घ्या, वेगवेगळ्या जागांवरून, दर वेळी नवीन हत्याराने. हिस्टोपॅथॉलॉजीचा एक त्याशिवाय.

आता फ्रॅक्चर. मधलं मऊ ऊतक खरवडून काढा, इस्कियल ट्युबरॉसिटीत ५ मिमीची शान्झ पिन घालून खालचा तुकडा फिरवा, वरच्या-खालच्या तुकड्यात एकेक स्क्रू घेऊन फाराब्यूफ क्लॅम्पने दाबा. जुळणी टिकते का हे बघायला जुन्या कपच्या मापाचा रीमर (वाटी घासून आकार देणारं हत्यार) वाटीत उलटा धरून ठेवला की साच्यासारखं काम होतं. प्लेट ३.५ मिमीची रिकन्स्ट्रक्शन, आठ ते दहा छिद्रांची, इस्कियमपासून पोस्टिरियर कॉलमच्या कडेने इलियमवर (वरच्या रुंद हाडावर). थोडी कमी वाकवलेली, म्हणजे आवळताना मागची बाजू दाबली जाते. खाली किमान तीन आणि वर किमान तीन स्क्रू. फ्रॅक्चरजवळची छिद्रं रीमिंग संपेपर्यंत रिकामी ठेवा, नाहीतर स्क्रूचं टोक रीमरला लागतं. प्लेट शक्यतो टायटॅनियमची घ्या. स्टीलची असेल तर टायटॅनियमच्या कपला टेकता कामा नये.

अँटिरियर कॉलमसाठी दुसरा चिरा बहुतेक वेळा लागत नाही. मागचा खांब उभा राहिला आणि कपचे स्क्रू रेघेच्या दोन्ही बाजूंना गेले की पुढची बाजू बरोबर येते. ४८ किलोच्या, स्टेरॉइड घेणाऱ्या आजींना एकाच दिवशी स्टोप्पाचा (पुढून, ओटीपोटातला) चिराही देणं मला जास्त वाटतं.


अस्थिरोग_लातूर

दोघांचे आभार. सीटी काल प्रोटोकॉलप्रमाणे झाला. पोस्टिरियर कॉलमच्या कडा धारदार आहेत, सरकणं ८ मिमी. अँटिरियर कॉलमची रेघ सरकलेली नाही, तिच्या कडा मात्र किंचित गोल. कपच्या वर-आतल्या बाजूला लिंबाएवढी पोकळी, आतली भिंत पातळ पण शाबूत. कप इलिओइस्कियल लाइनच्या बाहेरच आहे. पाणी काढलं: रक्तमिश्रित, १,१०० पेशी, न्यूट्रोफिल ५८ टक्के, जीन एक्स्पर्ट निगेटिव्ह, कल्चर पाच दिवस कोरं. १४ दिवसांचं कल्चर पूर्ण होईपर्यंत थांबू का? आणि कप कसला, किती मोठा?


खुबा_संभाजीनगर

थांबू नका. तीन आठवडे उलटले की फ्रॅक्चरमध्ये कच्चा कॅलस (जुळताना येणारं नवं हाड) भरतो आणि जुळणी अवघड होते. कल्चरसाठी थांबलात तर तीच मुदत हातची जाते. लिहिलेल्या आकड्यांवरून संसर्गाची शक्यता कमी आहे. शस्त्रक्रियेत पू किंवा शंकास्पद ऊतक दिसलं तर मात्र बेत बदलायची तयारी ठेवा: सगळं काढून अँटिबायोटिक सिमेंटचा स्पेसर, खरा कप नंतर. तेवढं सिमेंट आणि व्हँकोमायसिन ओटीत (ऑपरेशन थिएटरात) हवं. सेफाझोलिन २ ग्रॅम चिऱ्याआधी तासाभरात द्या, नमुन्यांसाठी रोखून ठेवू नका. एका डोसाने कल्चर बिघडत नाही.

पोकळी आणि पुढच्या गोल कडा यांचा अर्थ असा की पॉलीच्या कणांनी हाड आधीपासून पोखरलं जात होतं आणि पुढचा भाग पडण्याआधीच तडकलेला होता. मागचा खांब मात्र त्या दिवशी मोडला. तेव्हा नांदेडच्या सरांचं बरोबर: पोस्टिरियर कॉलमला प्लेट, मग मल्टिहोल कप. केज मात्र ओटीच्या बाहेर, उघडायच्या तयारीत ठेवाच. आतली भिंत पातळ आहे. शस्त्रक्रियेत हाड सीटीपेक्षा वाईट निघणं नेहमीचं आहे, चांगलं निघणं क्वचित.

कपचं माप. ५० चा कप काढल्यावर ५६ ते ५८ बसेल असा अंदाज धरा, सेट ६४ पर्यंत मागवा. रीमर मागे दाबू नका, तिथे प्लेट आहे आणि तिथलंच हाड आपल्याला वाचवायचं आहे. हाताने, हळू. शेवटी ग्राफ्टवर (भरलेल्या हाडाच्या चुऱ्यावर) उलटा फिरवायचा. प्लेट लावलेल्या वाटीत प्रेस-फिटचा (मोठा कप दाबून अडकवण्याचा) मोह टाळा: शेवटचा रीमर आणि कप एकाच मापाचे, फार तर १ मिमीचा फरक. घट्टपणा स्क्रूंनी आणायचा. पोकळीत इलियाक क्रेस्टचा बारीक केलेला ग्राफ्ट भरा. बोन बँकेचं हाड मिळालं तर उत्तम.

स्क्रू ६.५ मिमीचे. एएसआयएसपासून (कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून) वाटीच्या मध्यातून रेघ ओढा आणि मध्यावर तिला काटकोनात दुसरी: वाटीचे चार भाग पडतात. पुढच्या-वरच्या भागात बाह्य इलियाक, पुढच्या-खालच्या भागात ऑब्ट्युरेटर रक्तवाहिन्या. तिथे स्क्रू नको. मागच्या दोन्ही भागांत घाला. मागे-वर इलियममध्ये दोन-तीन लांब, आणि फ्रॅक्चरच्या खाली इस्कियममध्ये किमान दोन. हे खालचे दोन अनेकांकडून राहतात, कारण कप बसल्यावर ड्रिल तिथे पोचत नाही. कप ठोकतानाच तो फिरवून छिद्रं इस्कियमसमोर आणा. इस्कियममध्ये स्क्रू नसलेला कप म्हणजे वरच्या अर्ध्यालाच लटकलेला कप.

लायनर सिमेंटने आत बसवा. दोन फायदे. स्क्रूची डोकी सिमेंटमध्ये अडकतात, मागे सरकत नाहीत. आणि कप हाडाला सोयीच्या कोनात बसवून लायनर हव्या त्या कोनात ठेवता येतो. मी ड्युअल मोबिलिटीचं (दोन जागी फिरणारं, सहज न निखळणारं) लायनर घेईन. आजींचे अ‍ॅबडक्टर दोन शस्त्रक्रियांनी थकलेले असणार आणि रिव्हिजननंतर निखळणं ही सगळ्यात सतावणारी गोष्ट आहे. स्टेमची कंपनी आणि टेपर आधी शोधा. जुन्या फाइलमधला इम्प्लांटचा स्टिकर सापडला नाही तर टेपरला जुळणारं हेड ऐन वेळी मिळत नाही, आणि त्यासाठी चांगला घट्ट स्टेम काढावा लागतो. नातेवाइकांना आजच ती फाइल शोधायला लावा.

पाठवायचं की नाही? वाटीचं ताजं फ्रॅक्चर हाताळणारा आणि खुब्याचं रिव्हिजन करणारा, दोन्ही हात एका टेबलावर असतील तर लातुरात करा. एकच असेल तर पाठवा, पण दोन-तीन दिवसांत. पाठवताना मूळ फिल्म, सीटीची सीडी आणि स्टिकर सोबत. स्टेरॉइडची कातडी कागदासारखी असते, स्किन ट्रॅक्शनची चिकटपट्टी सोलून काढते. फोमचा बूट, तीन किलोपेक्षा जास्त वजन नको.


निवासी_बीड

थोडा बाजूचा प्रश्न. पहिल्याच शस्त्रक्रियेत कप ठोकताना वाटीला तडा गेला तर कसं ओळखायचं? आणि तो जाऊच नये म्हणून काय करायचं?


पेल्व्हिस_नांदेड

बाजूचा नाही, चांगला प्रश्न आहे. सिमेंटेड कपमध्ये हे जवळजवळ घडत नाही, अनसिमेंटेडमध्ये साधारण हजारात चार. त्यातले काही दिसतही नाहीत.

आवाजावर लक्ष ठेवा. कप बसत जातो तसा ठोक्याचा आवाज भरीव होत जातो. एकदम पोकळ किंवा फुटका आवाज आला, किंवा अडलेला कप एका ठोक्यात सरकन आत गेला, तर हात थांबवा. कपचं हँडल धरून हलवा: सगळा पेल्व्हिस सोबत हलला पाहिजे. नुसता कप हलला तर तो काढून वाटीत बघा, सी-आर्म जुडेच्या कोनांत फिरवा. पुढच्या भिंतीची बारीक रेघ आणि कप घट्ट: स्क्रू वाढवा, वजन सहा आठवडे राखून द्या. मागची भिंत किंवा पोस्टिरियर कॉलम: कप काढा, प्लेट लावा, मल्टिहोल कप बसवा. त्याच वेळी. टेबलावर निभावतं ते महिन्याने निभावत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यांत जांघ कारण नसताना दुखत राहिली तर एक्स-रेवर समाधान मानू नका, सीटी करा.

जाऊ नये म्हणून: म्हातारी, ठिसूळ, रुमॅटॉइड हाडं, लहान वाटी, यांत कप रीमरपेक्षा १ मिमीहून मोठा नको. २ मिमीवर धोका चढत जातो. कडेला फुगीर असलेल्या कपात रीमरचं माप खऱ्या फरकाहून कमी दाखवतं, त्या कंपनीचं तंत्रपत्रक वाचून घ्या.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागातल्या पेशंटबद्दल वेगळं सांगतो. तिथल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिसचं हाड एक्स-रेवर पांढरंशुभ्र, दगडासारखं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की दणकट आहे, ठोकू या. ते घट्ट असतं पण ठिसूळ, ताण पडला तर वाकत नाही, तडकतं. तिथे बोथट रीमर हाड जाळतो. नवीन रीमर, सतत सलाइनचं पाणी, कप त्याच मापाचा, आणि घट्टपणा स्क्रूंनी. दातांवर तपकिरी डाग आणि ताठ पाठ दिसली की हे आठवावं.


भूल_अंबाजोगाई

भुलेच्या बाजूने लातूरच्या डॉक्टरांसाठी चार गोष्टी. रुमॅटॉइड आहे, तेव्हा मानेचे वाकवून आणि ताठ करून काढलेले एक्स-रे आधी. पहिला-दुसरा मणका सरकत असेल तर कुशीवर वळवताना मान सांभाळणं सर्जनचंही काम आहे. नऊ दिवसांहून जास्त झोपून आहेत, दोन्ही पायांचा डॉप्लर (शिरांत गुठळी आहे का ते बघायला) करा. एनोक्सापरिन ४० मिग्रॅ चालू असेल तर स्पायनलच्या आधी १२ तास बंद. रक्त: किमान चार युनिट पॅक्ड सेल क्रॉस-मॅच करून हातात, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम चिऱ्याआधी. तीन-चार तासांच्या कामात नुसत्या स्पायनलवर विसंबू नका, एपिड्युरल किंवा जनरलची जोड ठेवा. मेथोट्रेक्सेट थांबवायची गरज नाही, रोजची प्रेडनिसोलोन त्या दिवशी सकाळीही द्या. बायोलॉजिक इंजेक्शन घेत असतील तर मात्र संधिवाततज्ज्ञांना विचारा.


खुबा_संभाजीनगर

एक जोड. हाड जास्त वाढू नये म्हणून इंडोमेथासिन देण्याची सवय असते. इथे देऊ नका. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड आणि हे वय, किडनी आणि पोट दोन्हीला त्रास. व्हिटॅमिन डी तपासून भरून काढा आणि हाडाच्या ठिसूळपणाचं औषध याच भरतीत सुरू करा. टेरिपॅराटाइड २० मायक्रोग्रॅम रोज त्वचेखाली परवडत असेल तर मी तेच निवडेन.


चालणं_परभणी

फिजिओथेरपीचं कोणीच लिहिलं नाही. प्लेट आणि कप कितीही चांगले बसले तरी पहिल्या सहा आठवड्यांत पेशंटने पाय टेकून दिला तर इस्कियमचे स्क्रू तिथेच सुटतात.

पहिले सहा आठवडे पाय नुसता टेकवायचा, १० ते १५ किलो. हे तोंडाने सांगून कळत नाही. वजनकाट्यावर पाय ठेवायला लावा, काटा किती सरकला ते त्यांना दाखवा. गावातल्या आज्यांना मी सांगते ते वाक्य असं: पायाखाली पापड ठेवलाय, तो मोडायचा नाही. सहा आठवड्यांनी एक्स-रेत कप जागेवर असेल तर अर्धं वजन, बाराव्या आठवड्यानंतर पूर्ण. रुमॅटॉइडच्या वाकड्या बोटांना साध्या वॉकरची मूठ धरवत नाही, सगळा भार नकळत पायावर येतो. त्यांना कोपरापासून हात टेकवता येईल असा गटर वॉकर द्या. शस्त्रक्रियेच्या आधीच द्या, सराव होतो.

घर आधी बघून घ्या, निदान फोटो मागवा. आपल्याकडे झोपायला बाज असते. सुतळी सैल पडली की मध्ये खोळ होते, बसल्यावर खुबा गुडघ्याच्या खाली जातो, आणि पोस्टिरियर चिऱ्याच्या खुब्याला नेमकं तेच नको. बाजेवर लाकडी फळी टाकून वर घट्ट गादी, किंवा पलंग. बसायची उंची ४५ ते ५० सेंटीमीटर. संडास खाली बसायचा असेल तर कमोड खुर्ची, रात्रीसाठी ती पलंगाजवळच. उंबरा असेल तर दोन्ही बाजूंना उतार करून घ्या. सारवलेल्या जमिनीवर वॉकरचे झिजलेले रबरी बूच घसरतात, नवीन बसवून मगच डिस्चार्ज. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची, पाय टेकायला खरखरीत चटई, आणि भिंतीत पक्का दांडा.

पहिले तीन महिने मांडी नाही, उकिडवं नाही, पाय आतल्या बाजूला वळवणं नाही, झोपताना दोन पायांत उशी. रिव्हिजन असल्यामुळे मी खाली बसण्याची परवानगी नंतरही देत नाही.


अस्थिरोग_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या फाइलमधला स्टिकर मुलाला सापडला, टेपर १२/१४ आहे. मानेचा एक्स-रे आणि डॉप्लर उद्या. फ्रॅक्चरचं काम करणारे एक सहकारी आणि रिव्हिजन करणारे दुसरे, दोघांनीही येण्याचं कबूल केलंय, तेव्हा लातुरातच सोळाव्या दिवशी घेतोय. मल्टिहोल ५४ ते ६४, सिमेंटेड ड्युअल मोबिलिटी, टायटॅनियम प्लेटचा सेट, केज, व्हँकोमायसिन आणि सिमेंट अशी यादी पाठवली आहे. वक्र ऑस्टिओटोमचा सेट मात्र दोन ठिकाणी नाही म्हणाले. कोणाकडे असेल तर इथेच कळवा, माणूस पाठवून घेऊन येतो.


पेल्व्हिस_नांदेड

आमच्याकडे आहे, ४४ ते ६६ पर्यंतच्या पात्यांसह. ५० चं पातं थोडं बोथट झालंय. कप सैल असल्यामुळे अडणार नाही, तरी ४९ आणि ५१ पण सोबत टाकतो. ऑटोक्लेव्ह करून घ्या, वाटेत सेट उघडला जातो.